मदत हवी आहे: बहिणीची ३६ तासांची ड्युटी, नियम काय सांगतो?

ऋजुता_७
बहीण जेआर१ (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) आहे. इमर्जन्सी ड्युटी लागली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रूमवर येत नाही. परवा पहाटे क्रॉसमॅचच्या बल्बवर (रक्त जुळवायला पाठवायच्या नमुन्याच्या बाटलीवर) तिने शेजारच्या बेडवरच्या पेशंटचं नाव लिहिलं. सिस्टरनी केसपेपर बघून थांबवलं म्हणून, नाहीतर भलतंच रक्त चढलं असतं. तासांना लेखी मर्यादा आहे का? तक्रार कुठे करायची? नाव कळलं तर थिसिसवरची सही अडेल म्हणून ती घाबरतेय. प्लीज लवकर सांगा.

निषाद
ब्रँच कुठली? सरकारी, खासगी की डीएनबी (राष्ट्रीय बोर्डाचा पदव्युत्तर कोर्स)? राज्य?

शल्यक
आम्हीही हेच केलं. रात्री पोट उघडलेला पेशंट सकाळी कसा आहे, हे उघडणाऱ्यालाच कळतं. माणसं बदलली की हँडओव्हरमध्ये (पुढच्या डॉक्टरकडे पेशंट सोपवताना) निम्मी माहिती गळते.

अनघा_आयसीयू
गळते कारण हँडओव्हर जिन्यात, तोंडी उरकतात. लेखी द्या ना! २००४ साली बॉस्टनच्या आयसीयूत ताडून बघितलंय, सलग २४ तास नि वर ड्युटी केलेल्या इंटर्न्सच्या गंभीर चुका ३६ टक्के जास्त निघाल्या.

शल्यक
नंतरच्या मोठ्या चाचण्यांत लांब शिफ्टने मृत्यू वाढले नाहीत, तेही सांगा.

अनघा_आयसीयू
त्यात दोन्ही गटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा होती, सर. आपल्याकडे शंभर सहज होतात.

सातारकर
ताई, सरळ प्लॅब (इंग्लंडात डॉक्टरकी करायची परीक्षा) द्यायला लावा. माझा भाचा इंग्लंडात आहे, तिथे सरासरी ४८ तास.

निषाद
तिने ते विचारलेलं नाही, काका.
ऋजुता, केंद्राचा १९९२ चा रेसिडेन्सीचा (निवासी डॉक्टरांबद्दलचा) आदेश आहे: सलग ड्युटी साधारण १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८. पण 'कामाची निकड' ही पळवाट त्यातच आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी (पदव्युत्तर) नियमांत नुसतं 'वाजवी तास' आणि साप्ताहिक सुट्टी. त्यांच्याच २०२४ च्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तास सुचवले, ती शिफारसच. रोस्टरचे फोटो आणि प्रत्यक्ष आल्यागेल्याच्या वेळा आजपासून लिहून ठेवायला सांग. एकटीने जाऊ नये, बॅचच्या सह्या घेऊन मार्डकडे (निवासी डॉक्टरांच्या संघटनेकडे) जावं.

ऋजुता_७
सर्जरी, सरकारी, महाराष्ट्र. दोघी बॅचमेट सही करायला तयार आहेत, बाकीचे कचरतायत. एनएमसीकडे नाव न देता तक्रार घेतात का? कोणी केली आहे का?