अमेरिका: दिव्यांग माजी सैनिकांसाठी सरकारी इंटर्नशिप – वॉरफायटर की एनपीडब्ल्यूई?

अबोली
नमस्कार. माझे धाकटे दीर अमेरिकेच्या आर्मीत ९२ वाय (युनिट सप्लाय) आहेत. कमरेच्या मणक्याला दुखापत झाली आहे आणि ऐकूही कमी येतं. मेडिकल बोर्ड चालू आहे, पाच-सहा महिन्यांत वर्दी उतरेल. सरकारी खात्यात इंटर्नशिप करून तिथेच नोकरीला लागता येतं म्हणे. कोणी 'ऑपरेशन वॉरफायटर' सांगतं, कोणी व्हीएचं (माजी सैनिक खात्याचं) 'एनपीडब्ल्यूई'. दोन्ही एकच का? घरखर्चाचं काय? आणि आत्ता हातात वेळ आहे तर काय उरकून घ्यावं?

कागदपत्र
ताई, दोन्ही वेगळ्या आहेत. पहिली वर्दीत असताना, दुसरी मुख्यतः वर्दी उतरल्यावर.

वॉरफायटर संरक्षण खात्याची. उपचार किंवा बोर्ड चालू असलेल्या सैनिकाला केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात कामाला पाठवतात. लष्कराचा पगार चालूच असतो, त्यामुळे त्या कार्यालयाला काही द्यावं लागत नाही. कमांडरची मंजुरी आणि डॉक्टरांची परवानगी लागते. उपचारांच्या तारखा आधी, कामाचे तास त्यानंतर, हा क्रम कधीच उलटा करू नये. दीर आज याच गटात बसतात, तेव्हा त्यांनी युनिटमार्फत विभागीय समन्वयकाला लगेच गाठावं.

एनपीडब्ल्यूई म्हणजे बिनपगारी कामाचा अनुभव. तो व्हीएच्या 'व्हीआर अँड ई' म्हणजे चॅप्टर ३१ या नोकरी-पुनर्वसन योजनेतला. अर्ज फॉर्म २८-१९००. रेटिंग (व्हीएने ठरवलेलं अपंगत्वाचं प्रमाण) किमान २० टक्के आणि त्या अपंगत्वामुळे नोकरीत अडचण, किंवा १० टक्के आणि गंभीर अडचण. अर्जासाठी सुटायची वाट पाहायची गरज नाही. सेवेत असताना २० टक्क्यांचं मेमोरँडम (तात्पुरतं) रेटिंग मिळालं तरी चालतं. काम केंद्र, राज्य किंवा स्थानिक सरकारच्या कार्यालयात असतं. पगार नाही, पण व्हीए दरमहा निर्वाह भत्ता देते आणि अपंगत्वाची भरपाई वेगळी मिळत राहते.

भत्त्यात एक मेख आहे. पोस्ट-९/११ जीआय बिलाचा (सैनिकांच्या शिक्षण-सवलतीचा) निदान एक दिवस शिल्लक असेल तर घरभाड्यावर आधारलेला दर निवडता येतो आणि तो बहुतेक ठिकाणी बराच जास्त पडतो. मुलांच्या नावावर सगळे महिने करून टाकले की ही सोय गेली. आणि व्हीएच्या काउन्सिलरने पुनर्वसनाच्या आराखड्यात लिहून मंजूर केल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नये.

सेवापुस्तिका
वरचं सगळं बरोबर. पण खरी चूक पुढे होते. इंटर्नशिप छान पार पडते, साहेब खूश असतात आणि शेवटच्या दिवशी निरोप समारंभ होऊन माणूस घरी! कारण ना वॉरफायटरमध्ये नोकरीची हमी आहे, ना एनपीडब्ल्यूईमध्ये. रुजू होण्याआधीच त्या कार्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात: मंजूर रिकामी जागा आहे का, तिची सिरीज (कामाचा प्रकार) आणि ग्रेड (वेतनश्रेणी) कोणती, आणि एचआरमध्ये फाइल कोण हलवणार. उत्तर ईमेलवर घ्यावं. 'बघू, कामावर अवलंबून' असं उत्तर आलं तर दुसरं कार्यालय शोधलेलं बरं.

जाहिरात आणि स्पर्धेशिवाय घेण्याचे तीन रस्ते साहेबांना स्वतःहून सांगावे लागतात. अनेकांना ते माहीत नसतात.

सगळ्यात भक्कम '३० टक्के किंवा अधिक' रेटिंगवाल्यांचा. आधी ६० दिवसांहून जास्त मुदतीची तात्पुरती किंवा टर्म नेमणूक द्यायची, मग केव्हाही कायम करता येतं. ग्रेडची मर्यादा नाही. दुसरा व्हीआरए, म्हणजे माजी सैनिकांची थेट नेमणूक: जीएस-११ ग्रेडपर्यंतच, दोन वर्षं नीट काम केल्यावर कायम. तिसरा शेड्यूल ए, म्हणजे दिव्यांगांची थेट भरती. त्यासाठी गंभीर अपंगत्व असल्याचं पत्र लागतं, पण पत्रात आजाराचं नाव लागत नाही. व्होकेशनल रिहॅबचा काउन्सिलरही ते देऊ शकतो, त्यामुळे वैद्यकीय फाइल कोणाच्या टेबलावर ठेवायची वेळ येत नाही.

अबोली
खूप आभार. रेझ्युमेत ९२ वाय कसं मांडायचं? आणि दीर अजून ग्रीन कार्डवरच आहेत, त्याने अडेल का?

सेवापुस्तिका
अडेल, म्हणून हे आधी करा. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं. सैनिकाला एन-४०० ची, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाची, फी नाही. एक वर्ष सेवा झाली असेल आणि सेवेत असताना किंवा सन्मानाने सुटल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला, तर निवासाच्या अटीतही सूट मिळते. युनिट हाताशी आहे तोवर सेवेचा दाखला, एन-४२६, सही करून घ्यावा.

रेझ्युमेत लष्करी बोली नको. 'हँड रिसीट (सामान ताब्यात घेतल्याच्या पावत्या) सांभाळल्या' हे बाहेरच्या माणसाला काही सांगत नाही. किती वस्तूंचा हिशेब त्यांच्या नावावर होता, त्यांची किंमत किती, मोजणी किती दिवसांनी, तफावत निघाली तर काय केलं, जीसीएसएस-आर्मी या लष्कराच्या पुरवठा संगणकप्रणालीवर कोणत्या नोंदी केल्या, ते आकड्यांत लिहा. प्रत्येक कामापुढे महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास हवेत. तास नसले तर अनुभव मोजताना तो धरलाच जात नाही. आता मर्यादा दोन पानांची आहे. जागा २०१० (इन्व्हेंटरी) किंवा २००५ (सप्लाय क्लर्क) सिरीजमध्ये बघा. ६९०७ म्हणजे गोदामातली उचलाठेव, मणक्याला झेपणार नाही.

कागदपत्र
ऐकण्याचंही आत्ताच बघा. संरक्षण खात्याचा 'कॅप' हा उपक्रम जखमी सैनिकांना सहायक साधनं मोफत देतो आणि ती सुटल्यावरही त्यांच्याकडेच राहतात. वर्दीत असतानाच मागावीत. उंची बदलणारं टेबल, फोनवर अक्षरं दिसण्याची सोय या गोष्टी इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसाआधी लेखी मागाव्यात. ओळखपत्र आणि पार्श्वभूमी तपासणीला वेळ लागतो. बोटांचे ठसे आधी दिले नाहीत तर सुरुवातीचे आठवडे संगणकाविना जातात.

अबोली
डीडी-२१४ ची (सेवामुक्तीच्या दाखल्याची) कोणतीही प्रत चालते का?

कागदपत्र
नाही. मेंबर-४ हवी. मेंबर-१ चा खालचा भाग नसतो, म्हणजे रकाना २४, जिथे सेवेचं स्वरूप लिहिलेलं असतं, तोच गायब. एचआर ती परत पाठवतं. सोबत एसएफ-१५ (माजी सैनिकाच्या प्राधान्याचा अर्ज) आणि व्हीएचं रेटिंगचं पत्र. पत्र संकेतस्थळावरून काढताना कोणती माहिती छापायची त्याच्या चौकटी असतात. एकत्रित रेटिंगच्या चौकटीवर खूण आहे का ते बघूनच डाउनलोड करा.