चाहत्यांच्या चर्चांमधून हाती काय लागतं?

‘चाहते आपापसांत रमतात, पण मूळ कथेत त्याने काय भर पडते?’ असं काहीजण म्हणतात; मी असहमत. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालिकेपुरतं तरी हे अजिबात पटत नाही. (पुढे रहस्यभेद आहे.) नेड ज्याला आपला अनौरस मुलगा म्हणून वाढवतो, तो जॉन स्नो खरं तर नेडच्या बहिणीचा आणि राजपुत्राचा मुलगा, याचा उलगडा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या टीव्ही मालिकेत २०१६ साली झाला. वाचकांनी तो तर्क १९९७ मध्येच यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, मांडला होता, पहिलं पुस्तक येऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना! आणि धागे किती बारीक! नेडला पडणारं मनोऱ्याचं स्वप्न, मरणाऱ्या बहिणीला दिलेलं वचन, निळे गुलाब. शिवाय सगळ्यात भारी प्रश्न: राजघराण्याच्या रक्षणाची शपथ घेतलेले तीन किंग्जगार्ड, राजा मेल्यावरही, त्या आडजागी कुणाची राखण करत होते? हे वाचलं आणि त्याच रात्री पुस्तक काढून ते प्रकरण पुन्हा वाचलं. ओळ न् ओळ वेगळी वाटली.

दुसरं म्हणजे, एलिओ गार्सिया आणि लिंडा आंतॉन्सन हे जोडपं. वेस्टेरॉस डॉट ऑर्ग हे या मालिकेच्या चाहत्यांचं संकेतस्थळ चालवणारे हे दोघे मुळात तुमच्याआमच्यासारखे वाचकच. पण घराणी, वंशावळी, तारखा असं सगळं त्यांना इतकं मुखोद्गत, की खुद्द मार्टिननी तपशिलासाठी त्यांना विचारलेलं आहे. २०१४ च्या ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेच्या जगाची माहिती देणाऱ्या पुस्तकावर मार्टिनसोबत या दोघांचीही नावं सहलेखक म्हणून आहेत. याला भर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?