शियाचं लोणी कुणाच्या वाट्याला?

रानवाटा: "शियाचं क्रीम घ्या, आफ्रिकेतली बाई स्वतःच्या पायावर उभी राहते," असं काल इथे कुणीतरी लिहिलं आणि खाली वाहवा सुरू. डोकं फिरलं माझं. शिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं रानझाड, त्याच्या बियांतून लोण्यासारखं तेल निघतं. घाना, बुर्किना फासोतला बराच माल पोत्यांतून बियांच्याच रूपात बाहेर जातो आणि त्याचं तेल चॉकलेट-बिस्किटांत मुरतं. बाईला वेचण्यापुरते पैसे. नायजेरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये कच्च्या बियांची निर्यात सहा महिने थांबवली, योग्यच केलं.

तमालेकर: मी उत्तर घानात तमालेला नोकरीला होतो. मे-जूनमध्ये घरातला मका-बाजरी संपत आलेली असते, तेव्हा हातात पैसा येतो तो शियाचाच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई अंधारात बॅटरी घेऊन पडलेली फळं वेचायला निघायच्या, गवतात साप. गर पोरं खायची. बी लगेच उकडायची, नाहीतर कोंब फुटतो. शाळेची फी तोंडावर आली की दारात येईल त्याला विकायची. अशात निर्यात बंद केलीत तर गिऱ्हाईक कमी होतं आणि भाव पडतो. सोसायचं त्या बाईनेच ना?

आगळवाला: चॉकलेटवरून आठवलं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमात कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतींची चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यांत शियाबरोबर आपलं कोकमही आहे! आणि आमच्या गावात बिया उकिरड्यावर. आजी त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढायची, आता कुणाला येतंही नाही.

रानवाटा: इथे कोकम कशाला?

आगळवाला: कशाला म्हणजे? प्रश्न तोच आहे. वेचणारी बाई, खरेदीदार एकच.

तमालेकर: तोच नाही हो. कोकम परड्यात लावता येतं. शिया कुणी फारसं लावत नाही, फळ धरायलाच १५-२० वर्षं. जमीन पुरुषाची, झाड त्याचं, बी तेवढी बाईची. उद्या भाव चढला तर ती तरी तिची राहील का?

चूलबंद: निर्यातीवरच भांडा सगळे! गावात लोणी काढायचं म्हणजे बिया भाजा, दळा, पाणी घालून पांढरं होईपर्यंत हाताने फेटा, मग कढवा. पाणी आणि सरपण कोण वाहतं? रानवाटा, एकदा घमेलंभर फेटून बघा, मग सांगा काय योग्य ते.

रानवाटा: हाताने फेटा असं मी कुठे लिहिलंय? उगाच तोंडी घालू नका. गिरणी तिथेच हवी, एवढंच म्हणणं. बंदीआधी बायकांच्या गटाला गोदाम आणि उचल हवी, ठीक आहे, मानलं. पण बंदीशिवाय तिथे गिरणीत पैसा कोण घालणार?

तमालेकर: उचल कोण देणार ते आधी सांगा. आज ती व्यापारीच देतो, हंगामाच्या आधी, आणि बी त्यालाच घालावी लागते.