गावची खबर लांबच्या दोस्ताला कशी कळवता? (अनुभव धागा)

गाव आमचं मौदा तालुक्यात. मी आता नागपुरात असतो, शाळेतला दोस्त टोरांटोला. दर पंधरवड्याला माझी गावी चक्कर होते, म्हणून बातमीदार मीच. वर्षानुवर्षं तो विचारायचा, "काय म्हणते गाव?" आणि मी लिहायचो, "सगळं बराबर." एकदा भडकला. "बराबर हाय हे त माही बायको बी सांगते बे, अन् तिनं गाव पाह्यलं नाही!"

म्हणून मागच्या पोळ्याला बसून लांबलचक लिहिलं. आदल्या दिवशीची खांदशेकणी, पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला लावलेलं लोणी-हळद, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आमच्या लहानपणी तोरणाखाली जोड्या मावत नव्हत्या, यंदा मोजून नऊ. एकानं तर ट्रॅक्टरला झूल घालून रांगेत आणला. म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, पोट्ट्यांनी शिट्ट्या. झडत्यांमध्ये, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या चिमटे काढणाऱ्या गाण्यांत, धानाचा बोनस आणि सरपंच, दोन्ही सोलून निघाले. चार पानं झाली. त्याचं उत्तर एका ओळीचं: "मानाची जोडी कोणाची होती?"

नेमकं तेच मी लिहिलं नव्हतं. तुम्ही काय कळवता, काय गाळता? सांगा.

काटोलचा संत्रेवाला

माझा दोस्त दुबईत. त्याची बाग आमच्या धुऱ्याला लागून. त्याचे बाबा थकल्यापासून पाणी-फवारणी मीच पाहतो, त्यामुळे आमची खबर म्हणजे निम्मा हिशेबच. लग्न, भांडण, निवडणूक त्याला काही नको. "बहार कसा हाय?" एवढंच. आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडायची, म्हणजे पाणी तोडायचं, मग पाणी दिलं की फूट येते. तेव्हा फुलांचा व्हिडिओ जातोच. तिकडून दरवर्षी एकच उत्तर: "वास नाही आला."

पण एक गोष्ट मी लपवली होती. विहिरीजवळची अकरा झाडं डिंक्या रोगानं गेली. तो दहावीत असताना त्याच्या बाबांनी लावलेली. पावसाळ्यात पाणी साचून राहिलं, बुडाला डिंक सुटला, बोर्डोपेस्ट लावली तोवर उशीर झाला होता. तेव्हा त्याची नोकरी डळमळीत होती. म्हटलं, थोडं थांबून सांगू. मग दोन महिने मी बाग दुसऱ्या बाजूनंच दाखवत राहिलो. फळं भरलेली, ऊन चांगलं, तो खूश.

आणि गावातल्या एका लग्नात कोणीतरी वरातीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वरात आमच्या रस्त्यानं जाते, मागे विहीर. रात्री त्याचा फोन. "विहीर इतकी मोकळी कशी दिसून राह्यली बे?" मी गप्प. तोही गप्प. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं लावली आहेत तिथे. व्हिडिओ विहिरीपासूनच सुरू करतो.

निळं पत्र

आमच्या काळी माझा मित्र फौजेत होता. पत्त्यात गावाचं नावच नाही. नंबर, हुद्दा, युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर. तो नेमका कुठे बसून वाचतो, ठाऊक नसायचं. मी अंगणात आंतर्देशीय पत्र घेऊन बसलो की अर्धा मोहल्ला जमायचा. "माहा बी नमस्कार लिही." "गाय व्याली म्हणून सांग, कालवड झाली." जागा संपली की चिकटवायच्या पट्टीवरही लिहायचो, आणि उघडताना तिथलंच फाटायचं. बहुतेक वेळा नमस्कारच फाटत.

त्याच्या आईचं दुखणं मात्र तिनंच कधी लिहू दिलं नाही. खेड्यात तार आली की घरात आधी रडणं सुरू व्हायचं, मजकूर नंतर वाचायचे. २०१३ मध्ये तार बंद झाली, लोकांनी हळहळून लिहिलं. मला काही वाटलं नाही.

आंभोऱ्याकडची

आमचं उलटं. खबर द्यायला गावच राहिलं नाही. कुही तालुक्यातलं आमचं गाव गोसेखुर्दच्या पाण्यात गेलं. धरणाची पायाभरणी १९८८ ची, तेव्हा आम्ही दोघी फ्रॉकात. गाव उठलं तोवर लग्नं होऊन पोरंबाळं झाली होती. ती सुरतेला. पूर्वी इतवारीहून छोट्या गाडीनं कुहीला उतरायची. २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी ती गाडीही थांबली.

फोनवर विचारते, "आपल्या गल्लीत कोण कोण हाय आता?" काय सांगू? पुनर्वसनात प्लॉट पडले तशी गल्लीच मोडली. ज्यांची भिंत एक होती, त्यांच्या मध्ये आता तीन रस्ते. शेवटी वहीच्या कागदावर नवीन वसाहत काढली, प्रत्येक चौकोनात कोण ते लिहिलं, फोटो पाठवला. तिनं त्यावर लाल रेघा मारून परत धाडला: भुलाबाईची गाणी म्हणायला कोण कोणाच्या घरून निघायचं, ते सगळं जोडून.

आंभोऱ्याच्या नव्या पुलावर लोक रील काढायला गर्दी करतात. तसाच एक रील तिनं मला पाठवला. "मागच्या पाण्यात आपली शाळा कोणत्या बाजूले पडते वं?" मी अंदाजानं एक बाण काढून दिला.

मंडईवाला

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) रात्रभर चालते. मी नुसता आवाज पाठवतो, चाळीस-चाळीस मिनिटं, चित्र नाही. जर्मनीतला दोस्त पोळ्या लाटताना लावतो म्हणे. बस, एवढंच.

धागा काढणारा

वर कोणीच विचारलं नाही, तरी सांगतो. मानाची जोडी त्याच्या काकांच्याच घरून आली. तेवढं मी लगेच कळवलं. तिकडून हार, फटाके, नाचणारी माणसं, सगळी चित्रं आली. काकांनी बैल दोन वर्षांआधीच विकले आणि ही जोडी शेजारच्या गावातून त्या दिवसापुरती मागून आणली होती, हे अजून लिहिलं नाही. संत्रेवाल्याचं वाचून आता धाकधूक आहे. पोळ्याचे व्हिडिओ माझ्याशिवाय आणखी चार जणांनी काढले होते.