गाविलगडवर चढलेला कॅम्पबेल आणि लॉर्ड क्लाइड एकच होते का?

धरमपेठकर
मागच्या रविवारी नागपूरहून चिखलदऱ्याला गेलो होतो, गाविलगड पाहिला. सोबत एक काका होते, ते म्हणाले की १८०३ मध्ये इंग्रजांकडून शिडी लावून आतल्या तटावर चढला तो कॅम्पबेल म्हणजेच ५७ च्या उठावात लखनौ घेणारा लॉर्ड क्लाइड. मुलगी नववीत आहे, इतिहासाचा प्रकल्प लिहून राहिली, चुकीचं जायला नको म्हणून विचारतो. आणि हा माणूस लॉर्ड झाला कसा, घरचा मोठा होता का? त्याच्या घराण्यात आज कोणी आहे का?

बर्डीचा_वाचक
नाही भाऊ, वेगळे आहेत. लॉर्ड क्लाइड म्हणजे कॉलिन कॅम्पबेल, जन्म २० ऑक्टोबर १७९२, ग्लासगो. गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला, तेव्हा हे पोरगं ११ वर्षांचं. तटावर चढला तो ९४ व्या पलटणीतला कॅप्टन कॅम्पबेल. स्कॉटलंडमध्ये कॅम्पबेल मोठं कूळ आहे, आपल्याकडे भोसले जसे गावोगाव सापडतात तसंच.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, क्लाइडचं ते जन्माचं आडनावच नाही. बाप जॉन मॅकलिव्हर, सुतारकाम करणारा. आई अ‍ॅग्नेस ही कॅम्पबेलांची. मामा कर्नल होते, त्यांनी भाच्याला शिकायला गॉस्पोर्टला ठेवलं, मग इंग्रज सैन्याचे सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क यांच्यासमोर नेऊन उभं केलं, त्यांना वाटलं हाही कॅम्पबेलच असेल, तसंच कागदावर चढलं आणि पोराला जन्मभर तेच नाव राहिलं. १८०८ मध्ये ९ व्या पलटणीत एन्साइन, म्हणजे सर्वात खालचा अधिकारी, झाला तेव्हा वय १५.

महालची_शिक्षिका
वरचं बरोबर आहे. लॉर्ड कसा झाला ते मुलीला नीट समजावून सांगा, कारण तेव्हा इंग्रजांच्या पायदळात वरचा हुद्दा पैसे भरून विकत मिळायचा, ही पद्धत १८७१ पर्यंत चालू होती. सुताराच्या पोराकडे पैसा कुठला? १८१३ ला स्पेनमधल्या सॅन सेबास्टियनच्या तटाच्या खिंडारात तो जखमी झाला, तेव्हा कुठे विकत न घेता कॅप्टन झाला. पुढे चीन, मग पंजाबात चिलियनवाला, मग क्रिमियात १८५४ ला बालाक्लावाला ९३ व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीची लांब पातळ रांग उभी करून रशियन घोडदळ अडवलं, त्याचं नाव झालं ते त्यामुळे. तरी सरसेनापती म्हणून हिंदुस्थानात पाठवलं तेव्हा वय ६४! आधीच्या सगळ्या वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत पैसेवाल्यांची पोरं पुढे निघून गेली असतील, मला हेच फार लागतं.

आपल्यासाठी मात्र तो ६ डिसेंबर १८५७ ला कानपूरला तात्या टोपेंना हरवणारा माणूस. मार्च १८५८ मध्ये त्यानं लखनौ घेतलं, त्याच वर्षी बॅरन क्लाइड, म्हणजेच लॉर्ड, झाला. म्हणजे ही पदवी आपल्या लोकांच्या रक्तावर मिळालेली आहे, मुलीनं हे वाक्य लिहावं असं मला वाटतं.

बर्डीचा_वाचक
घराण्याचं राहिलंच. लग्न केलं नाही. वडिलांना आणि बहिणीला पगारातून पैसे पाठवायचा. १८६२ ला फील्ड मार्शल, १४ ऑगस्ट १८६३ ला चॅथमला वारला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलं. पोरबाळ नाही म्हणून बॅरनची पदवी ५ वर्षांतच संपली, आज लॉर्ड क्लाइड म्हणवणारं कोणी नाही. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला.

धरमपेठकर
दोघांचेही लय आभार. मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणते बाबा मग गाविलगडावर आपल्या बाजूनं कोण होतं ते काहून कोणी सांगितलं नाही?

महालची_शिक्षिका
किल्लेदार बेनीसिंग, नागपूरकर भोसल्यांचा माणूस. दरवाज्याशी लढताना पडला. किल्ला गेला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. तिला सांगा, पहिलं पान बेनीसिंगाचं लिही.