उजुजू: फणसाचा भाऊ नव्हे, आणि केवळ फळझाडही नव्हे

एका चर्चेत एका सदस्याने मिरिअँथस आर्बोरियस (उजुजू) या आफ्रिकी वृक्षाला ‘रानफणस’ म्हटले आहे आणि त्याचे ‘खाण्याजोगे ते फळच’ असेही लिहिले आहे. पिकल्यावर पिवळे होणारे आणि अनेक खंडांचे बनलेले त्याचे फळ पाहता ही उपमा सुचणे साहजिक असले, तरी नाते तितके जवळचे नाही. जुन्या वर्गीकरणात हे झाड तुतीच्या, म्हणजे फणसाच्याही, कुळात धरले जात असे, पण आता ते अर्टिकेसी, म्हणजे स्पर्शाने अंगाची आग करणाऱ्या नेटल या वनस्पतीच्या कुळात मोडते. (सुदैवाने याची पाने आग करत नाहीत.)

‘खाण्याजोगे ते फळच’ हे दुसरे विधान मात्र मला मान्य नाही. आग्नेय नायजेरियातील इग्बो लोक या झाडाला उजुजू म्हणतात आणि त्याच्या कोवळ्या पानांचे सूप करतात. तिथे झाडाची ओळख फळापेक्षा या पालेभाजीमुळेच अधिक आहे असे म्हणता येईल. फळातला गर आंबटगोड असतो, बिया शिजवून खातात आणि त्यांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे (एका मेदाम्लाचे) प्रमाण फार मोठे असते. आणखी एक बाब त्या चर्चेत कोणी नोंदवलेली दिसत नाही: या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. त्यामुळे बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी नर निघालेल्यांना फळ कधीच धरत नाही, पण भाजीसाठी पाला त्यांच्यापासूनही मिळतो.