विषय: चिपाटाहून कासामाला

(मिरजेहून, काकू)

सर्वांना सलाम आणि नमस्कार,

नाताळापासून मी इकडे मिरजेत आहे, परत कॅनडात यायला अजून अवकाश आहे. हे मंडळाच्या कामाचं नाही, घरचं आहे. पण तुम्ही सगळे एकदा घर सोडून दूर गेलेली माणसं, म्हणून तुम्हालाच विचारते.

माझ्या बहिणीचा नातू इथे मिरजेजवळच्या वानलेसवाडीत वाढला. आता पंचवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मिशनतर्फे झांबियात गेला, मलावीच्या सीमेजवळ चिपाटा म्हणून गाव आहे तिथे. शाळेत गणित शिकवतो, रविवारी मुलांची उपासना घेतो. सुरुवातीला त्याचे मेसेज सगळे जेवणाचेच. मक्याच्या पिठाचा न्शिमा, आपल्या उकडीसारखा पण घट्ट आणि बिनमिठाचा. हातानं गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि कालवणात बुडवायचा. मग एक दिवस लिहिलं, "मावशीआजी, इथे पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात!" त्या दिवसापासून मला त्याची काळजी वाटेनाशी झाली.

ती भाजी करणारी शेजारची म्हातारी. तिला तो अगोगो म्हणतो, म्हणजे आजीच. न्यांजा भाषा त्याला तिनं शिकवली, पुस्तकानं नाही. त्याचं काही चुकलं की चितेंगेचं, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाचं, टोक तोंडाला लावून हसते, आणि मग तेच वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेते.

आता पत्र आलंय. इस्टरनंतर कासामाला बदली. ते उत्तरेला, शेकडो किलोमीटर दूर, आणि तिथे बोलतात बेंबा. इकडे "मुली ब्वांजी" म्हणतात, तिकडे "मुली शानी". तो म्हणाला, "मावशीआजी, कसे आहात एवढं विचारायलासुद्धा मला पुन्हा शिकावं लागणार." फोनवर रडला. नाही म्हणू का, असं विचारत होता. त्याची आई म्हणते परत ये. पाळक म्हणतात प्रार्थना कर. मी काय सांगू?

– काकू

(ब्रॅम्प्टनहून, दादा)

काकू, नमस्कार.

त्याला म्हणावं, तू ज्या वाडीत वाढलास तिचं नाव कुणावरून पडलं ते आठव. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस जन्मले १८६५ साली, इथे ऑन्टारिओत. म्हणजे आपण जिथे येऊन राहिलो तिथला मुलगा आपल्या गावी गेला. १८८९ साली भारतात पोचले तेव्हा वय अवघं चोवीस. पहिली नेमणूक सांगलीची. तिथे छोटा दवाखाना सुरू केला, आणि थोड्या वर्षांत मुक्काम मिरजेला हलला. १८९४ साली मिरजेचं हॉस्पिटल उघडलं, १८९७ साली वैद्यकीय शाळा निघाली, १९२८ साली सरकारनं 'सर' केलं. माझ्या पणजोबांचा मोतीबिंदू मिरजेलाच काढला होता. बैलगाडीतून गेले होते, डोळ्यांना पट्टी बांधून परत आले, आणि पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा त्यांनी अंगणातली तुळस पाहिली. आमच्या घरात अजून हे सांगतात.

ते सांगलीतच राहिले असते तर? मुलाला धीर द्या. बदलीतूनच मोठं काम उभं राहतं.

– दादा

(वॉटर्लूहून, ताई)

काकू, मी फक्त एवढंच सांगेन की लगेच सल्ला देऊ नका. आधी त्याला मनभर बोलू द्या. यांच्या नोकरीपायी आम्ही चार गावं बदलली, आणि प्रत्येक वेळी लोक म्हणाले, "अगं, चांगलंच होईल." झालंही. पण तेव्हा ते ऐकवत नसे.

– ताई

(मिरजेहून, काकू)

दादा, तुमच्या पणजोबांच्या तुळशीची गोष्ट वाचून डोळे भरून आले. मी नर्सिंग शिकले ते त्याच हॉस्पिटलात, त्यामुळे त्या नावाबद्दल मला किती माया आहे ते वेगळं सांगायला नको. तरी तुमचं म्हणणं त्याला सांगितलं नाही.

सांगली ते मिरज अंतर ते किती! संस्थानं दोन, पण राजे दोन्हीकडे पटवर्धन, नदी कृष्णाच, आणि भाषा मराठीच. सांगलीत जे शब्द शिकले असतील ते मिरजेच्या पहिल्या रोग्याशी बोलताना कामी आले असतील. या पोराचे दोन वर्षांचे शब्द चिपाटातच राहणार. शिवाय हॉस्पिटल, शाळा, 'सर', हे सगळं आपल्याला मागं वळून पाहताना दिसतं. पेटी भरताना चोवीस वर्षांच्या मुलाला त्यातलं काय दिसणार?

मला माझंच आठवलं. शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात कर्नाटकातून पुष्कळ रोगी यायचे. विजापूरकडच्या एका बाईनं मला "नोवु एल्लि इदे?" शिकवलं, दुखतं कुठे. मी 'इदे' चुकीचं म्हणायची आणि ती पोटाचे टाके धरून हसायची. पुढे कॅनडात इतकी वर्षं काम केलं, ते वाक्य कधी लागलं नाही. पण आजही ते मनात येतं तेव्हा तिच्याच आवाजात येतं. भाषा सुटते तेव्हा ती शिकवणारं माणूस सुटतं, आणि पोर त्यासाठीच रडत होतं. ताई, तुमचं ऐकून मी तासभर नुसती ऐकत बसले, तेव्हा कुठे हे मला कळलं.

शेवटी एवढंच म्हटलं, जायचं की नाही ते तू ठरव, मी तुझ्या बाजूनं आहे. पण अगोगोला अजून सांगितलं नसशील तर आजच सांग. आठ दिवस तिच्यापासून लपवत होता तो.

काल फोन आला. अगोगो हसली नाही. बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, तिथे तुझ्या भाजीत कूट कोण घालणार? आता रोज संध्याकाळी त्याला चुलीपाशी बसवते आणि भाजी स्वतः करायला लावते. जातोय तो.

इस्टरच्या सुमाराला कुणाच्या ओळखीचं झांबियाच्या राजधानीला, लुसाकाला जाणार असेल तर कळवा. किलोभर भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मराठी उपासना संगीताचं पुस्तक पाठवायचंय. चटणीचे डबे दोन आहेत. एक अगोगोचा, त्यात तिखट कमी घातलंय.

– काकू